गणित जामीन राहत नाही

बुलढाणा,
झावळ्यांच्या रविवारची संध्याकाळ.

चि. बाळ यास मामाचे अनेक आशीर्वाद आणि प्रभूमध्ये सलाम.

तुझे सहा पानी पत्र, तेही हाताने लिहिलेले, गेल्या मंगळवारी पावले. तुझ्या आईने ते ओसरीवर उजेडात बसून दोनदा वाचले, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचले, आणि मग मला हाक मारून विचारले, ‘‘दादा, हे लेमा म्हंजे काय? पोट्ट्याले काही बिमारी त नाई ना?’’ मोठ्या प्रमेयाच्या वाटेवर आधी चढून जावी लागणारी ती एक लहानशी टेकडी असते, असे मी सांगितले, तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला. परंतु ‘‘मंग एका टेकडीले चवदा महिने लागतात काय?’’ या तिच्या पुढच्या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते.

चौदा महिने एका उपप्रमेयापाशी अडून राहिल्याचे तू लिहितोस. त्या अवधीत तू प्रार्थना केलीस, उपास धरलेस, पुढे प्रार्थना सोडलीस. आणि आता जर्मनीच्या त्या हिवाळ्यात, दुपारी चारला अंधारून येणाऱ्या खोलीत बसून तुझ्या मनाने असा ताळेबंद मांडला आहे की, जो देव एक असमानता सुटेल एवढीही बुद्धी देत नाही तो एक तर नाही, किंवा असला तरी त्याने तुला या कामासाठी नेमलेले नाही. सबब संशोधन सोडावे आणि घरी परतावे. माझ्या मते हा हिशेब तू ज्या वहीत मांडलास ती वहीच त्याची नव्हे. असे म्हणण्याचा अधिकार मला विद्वत्तेने आलेला नाही, कारण जन्मभर मी दहावीच्या वर्गापलीकडे गेलो नाही. तो मला एका फजितीने आलेला आहे.

मी पंचवीस वर्षांचा होतो, खामगावी नुकताच गणिताचा मास्तर म्हणून लागलो होतो, आणि नव्या मास्तराला जी एक खुमखुमी असते ती माझ्या अंगात पुरेपूर होती. कुठल्याशा पुस्तकात मी पिसाच्या विद्यापीठातील ग्वीदो ग्रांदी नावाच्या मठवासी गणितज्ञाची हकीकत वाचली. एकातून एक वजा, त्यात एक मिळवा, पुन्हा एक वजा, अशी अनंतापर्यंत चालणारी श्रेढी घेऊन त्याने १७०३ साली लिहिले होते की, तिच्या पदांच्या जोड्या लावल्या तर शून्यांची बेरीज होते, आणि दुसऱ्या रीतीने पाहिले तर तिची किंमत निम्मी भरते. म्हणजे केवळ शून्यांतून काही तरी उत्पन्न होते, आणि जगाची उत्पत्ती शून्यातून झाली हे मानायला आता हरकत कसली! मला हे इतके आवडले की, नाताळच्या आठवड्यात मंडळीपुढे बोलण्याची पाळी आली तेव्हा मी शाळेतला फळा उचलून उपासनामंदिरात नेला आणि खडूने देव सिद्ध करून दाखविला. पाळकसाहेबांनी मान डोलावली. मागच्या बाकावर एक म्हातारी बाई बसली होती, जिचे सगळे आयुष्य जिनात कापूस वेचण्यात गेले होते. ती उपासना संपल्यावर माझ्यापाशी आली आणि फळ्याकडे पाहत म्हणाली, ‘‘मास्तर, उद्या हे गनित चुकलं, त मंग देव नाई काय?’’ दुसऱ्या दिवशी नववीतल्या एका पोराने उरलेले काम केले. कंस एक घर पुढे सरकवला तर शून्याच्या जागी एक येतो, मग खरे उत्तर कोणते, असे त्याने विचारले. आणि जी श्रेढी कोठेच स्थिरावत नाही तिला साधी बेरीजच नसते, हे मला भर वर्गात कबूल करावे लागले.

त्या दिवशी मला उमगले ते हे की, मी गणिताला देवाचा जामीन करून ठेवले होते. असला जामीन देवाने मागितला नव्हता, मंडळीनेही मागितला नव्हता. मागितला होता तो माझ्या अहंकाराने. तू आज नेमके तेच उलट्या बाजूने करीत आहेस. मी सुटलेल्या गणितावरून देव आहे असे म्हटले. तू न सुटलेल्या गणितावरून तो नाही असे म्हणतोस. दस्तऐवज एकच आहे, फक्त सही दुसऱ्या टोकाला आहे.

आपल्या लोणारचेच बघ ना. माझ्या लहानपणी मोठी माणसे ते विवर ज्वालामुखीचे म्हणून सांगत; पुढे तळाशी भोके पाडून काढलेल्या खडकांची तपासणी झाली आणि १९७३ साली ते अशनिपाताचे असल्याचे पक्के ठरले; मग त्याचे वय पन्नास हजार वर्षांच्या आसपास म्हणून मी स्वतः पोरांना शिकविले, आणि निवृत्त होऊन घरी बसलो तोवर दुसऱ्या रीतीने मोजणाऱ्यांनी ते पाच लाख सत्तर हजारांच्या घरात नेऊन ठेवले. विज्ञानाचा हा धर्मच आहे आणि मला त्याचे कौतुक वाटते. पण वय दहापटीने वाढले म्हणून तिथल्या दैत्यसूदनाच्या देवळातून कोणी भाविक परत फिरल्याचे मी ऐकलेले नाही.

या बाबतीत माझे गुरू, तू हसशील, पण भास्कराचार्य आहेत. पुष्कळ वर्षांपूर्वी मी शाळेची सहल घेऊन चाळीसगावजवळच्या पाटणला गेलो होतो. आपल्या बुलढाण्याच्या घाटाची जी अजिंठ्याची डोंगररांग, तीच पश्चिमेकडे जाऊन तिथे उभी आहे. आचार्यांचे गाव विज्जडविड ते हेच काय, याबद्दल विद्वानांत तंटा आहे आणि तो त्यांनी खुशाल चालवावा; परंतु त्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकविण्यासाठी तिथे मठ घातल्याचा शके ११२८ चा शिलालेख आहे, तो भाऊ दाजी लाडांनी उजेडात आणला. लेख संस्कृतात आहे, पण त्याच्या शेवटच्या ओळी जुन्या मराठीत आहेत आणि त्यांत बाजारात येणाऱ्या मालावर मठासाठी किती हिस्सा घ्यावा हे नमूद आहे. आचार्यांच्या सिद्धांतशिरोमणीचा अभ्यास पेठेतल्या मापामापातून चालत होता! तुझ्या शिष्यवृत्तीचा कागद आला तेव्हा मला त्या ओळी आठवल्या होत्या.

तर या आचार्यांनी बीजगणितात शून्याने भागलेल्या राशीला ‘खहर’ असे नाव दिले, आणि तीत काही मिळविले वा तीतून काही काढले तरी ती बदलत नाही हे समजावताना उपमा दिली ती अच्युताची: सृष्टीच्या वेळी असंख्य भूते त्याच्यातून बाहेर पडतात, प्रलयकाळी त्याच्यात शिरतात, पण त्याच्यात फरक पडत नाही. इथे थांबून नीट पाहा. अंक समजावा म्हणून त्यांनी देवाची उपमा घेतली. देव सिद्ध व्हावा म्हणून अंकाची साक्ष काढली नाही. आज कोणताही गणिती शून्याने भागू देत नाही, खहर राशी बीजगणितातून हद्दपार झाली, आणि आचार्यांच्या अच्युताला त्याने तसूभर धक्का लागला नाही, कारण तो त्या राशीच्या आधाराने उभाच नव्हता. ग्रांदीपेक्षा साडेपाचशे वर्षे आधीच्या या माणसाला जे कळले होते ते मला एका कापूस वेचणाऱ्या बाईकडून शिकावे लागले.

आता ज्याच्याविषयी तुला मुद्दाम लिहायचे होते त्याच्याकडे येतो. दिल्लीच्या मास्तर रामचंद्रांचे नाव तू ऐकले नसशील. तुमच्या विद्यापीठांत ते कोणी सांगत नाही. जन्म १८२१, जात कायस्थ, वडील कंपनी सरकारच्या महसूल खात्यात. ते लवकर वारले आणि घर ओढगस्तीला लागले. दिल्ली कॉलेजात शिकून रामचंद्र तिथेच शास्त्र आणि गणित उर्दूतून शिकवू लागले, उर्दू नियतकालिके चालवू लागले, आणि १८५० साली त्यांनी कलकत्त्यास पदरच्या खर्चाने एक इंग्रजी पुस्तक छापले. विषय महत्तम आणि लघुतम मूल्यांचा. जे प्रश्न सोडवायला युरोपात कलनशास्त्र वापरीत ते त्यांनी निव्वळ बीजगणिताने सोडवून दाखविले. दहाचे दोन भाग असे करा की त्यांचा गुणाकार जास्तीत जास्त यावा, हे पोराटोरांचे उदाहरण घे. रामचंद्रांची तऱ्हा अशी की, गुणाकार अमुक एक आहे असे धरून वर्गसमीकरण मांडायचे, आणि त्याची मुळे वास्तव राहावीत एवढी एकच अट घालायची: शंभरातून त्या गुणाकाराची चौपट वजा केली तर उरेल ते ऋण होता कामा नये. बस्स, गुणाकार पंचविसाच्या वर जाऊच शकत नाही आणि दोन्ही भाग पाच-पाच येतात. अशक्य कुठे सुरू होते ते दाखवले की शक्याची सीमा आपोआप सापडते. मला ही रीत सुंदर वाटते. हीच रीत मी अठ्ठावीस वर्षे वर्गात शिकविली आणि परीक्षकांनी तिला कधी गुण दिले, कधी कापले.

कलकत्त्यातल्या टीकाकारांनी पुस्तकाची हेटाळणी केली. पण एक प्रत लंडनचा गणिती ऑगस्टस डी मॉर्गन याच्या हाती गेली, आणि भास्कराचार्यांच्या बीजगणिताची परंपरा या देशात पुन्हा फुटू पाहते आहे असे त्याला तीत दिसले. त्याने कंपनीच्या संचालकांकडे शब्द टाकला, रामचंद्रांना खिलत आणि दोन हजार रुपये बक्षीस मिळाले, आणि १८५९ साली स्वतःच्या प्रस्तावनेनिशी ते पुस्तक त्याने लंडनमध्ये छापविले. हा डी मॉर्गन जन्माने मदुरेचा. सात महिन्यांचा असताना आईबापांनी त्याला विलायतेस नेले. केंब्रिजमध्ये धर्मपरीक्षेच्या कागदावर सही करणे मनाला पटेना म्हणून पुढची पदवी आणि तिच्याबरोबर येणारी जागा त्याने सोडून दिली. म्हणजे बघ, श्रद्धेचे प्रमाणपत्र लिहून द्यायला नकार देऊन जागेला मुकलेला एक गणिती, आणि १८५२ साली दिल्लीत उघड बाप्तिस्मा घेऊन जातीला मुकलेला दुसरा. एकाच पुस्तकाच्या मुखपृष्ठावर दोघे शेजारी येतात.

रामचंद्रांनी ख्रिस्ताला कसे ओळखले, हे त्यांनीच सांगितले आहे. शिकल्यासवरल्या इंग्रजांना धर्माचे काही पडलेले नसते असे त्यांना वाटे. एका रविवारी ते सहज दिल्लीच्या देवळात डोकावले आणि ओळखीचे साहेब लोक गुडघे टेकून मनापासून प्रार्थना करताना त्यांना दिसले, आणि तिथून त्यांनी नवा करार वाचायला घेतला. महत्तम-लघुतमाचा यात काडीचा संबंध नाही. एवढा गणिती माणूस, पण त्याने आपल्या बाप्तिस्म्याला गणिताचा दाखला जोडला नाही.

मग सत्तावन्न साल आले. त्यांच्याबरोबर बाप्तिस्मा घेतलेले डॉक्टर चिमणलाल ११ मे रोजी मारले गेले. रामचंद्र कसेबसे निसटले. शहर इंग्रजांनी परत घेतल्यावर ते आपल्या लोकांत, म्हणजे नव्या धर्माच्या लोकांत, परतले, तर शेजारी राहणाऱ्या गोऱ्या अधिकाऱ्यांनी केवळ काळा माणूस म्हणून त्यांच्यावर मातीचे गोळे झाडले, त्यांना मारहाण केली. त्यांनी वरिष्ठांकडे जी तक्रार केली तिचा आशय असा होता की, बंडवाल्यांच्या हातून मेलो असतो तर श्रद्धेसाठी मेलो एवढे तरी समाधान होते. ख्रिस्ती माणसांच्या हातून मार खाताना ते समाधानही उरत नाही. तुला तिथल्या ट्राममध्ये कोणी काय बोलले ते तू दोन ओळींत लिहिलेस आणि पुढे गेलास. मी त्या दोन ओळींवर पुष्कळ वेळ थांबलो होतो. रामचंद्र पुढे रुडकीला अभियांत्रिकी विद्यालयात शिकवायला गेले, मग दिल्लीस, मग पतियाळा संस्थानात शिक्षणखात्याचे प्रमुख झाले आणि १८८० साली वारले. त्यांनी प्रभू सोडला नाही, दिल्लीही मनातून सोडली नाही, आणि झाले ते विसरल्याचे सोंगही आणले नाही. मला त्यांच्या पुस्तकाहून त्यांची ती तक्रारच मोठी वाटते.

अडलेल्या कामाबद्दल मात्र मी काय लिहावे? त्यातले तंत्र मला कळत नाही. एवढेच सांगतो की, तुझ्या आधीच्या पिढ्यांत उलट्या दिशेने आलेला एक माणूस होता. फादर शार्ल रासीन हे फ्रेंच जेझुइट, पॅरिसचे गणिताचे डॉक्टर, आंद्रे वेल आणि आंरी कार्तान यांच्या बैठकीतले, १९३७ साली हिंदुस्थानात आले आणि १९७६ साली इथेच वारले. तिरुचिरापल्लीला, मग मद्रासच्या लोयोला कॉलेजात, ते फिरून फिरून तेच वर्ग घेत राहिले. त्यांच्या स्वतःच्या नावावर कोणते मोठे प्रमेय नाही. पण परीक्षेत कधी न येणारे ताजे गणित ते पोरांपुढे ठेवीत आणि चुणचुणीत पोरांना मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेची वाट दाखवीत. एम. एस. नरसिंहन आणि सी. एस. शेषाद्री ही त्यांतलीच दोन पोरे, ज्यांचे १९६५ सालचे प्रमेय तू मला कागदाच्या पाठीवर आकृती काढून समजावण्याचा प्रयत्न केला होतास आणि जे मला समजले नव्हते. पॅरिस सोडताना रासीनसाहेबांना हे ठाऊक नव्हते. चौदा महिने म्हणजे फार झाले, असे तुला वाटते. त्यांची तर एकोणचाळीस वर्षे.

परतावे की राहावे, हा निर्णय मी घेणार नाही, आणि तुझी आईही घेणार नाही, तिने मला तसे बजावले आहे. फक्त तो त्या उपप्रमेयाच्या गळ्यात बांधू नकोस. आपल्या घराण्यात स्थलांतर नवे नाही. माझे आजोबा १८९९-१९०० च्या दुष्काळात घाटावरून घाटाखाली आले ते सात-आठ वर्षांचे पोर म्हणून, एका चुलत्याच्या बोटाला धरून. चुलता वाटेत गेला. अलायन्स मिशनच्या लोकांनी पोराला जेवू घातले, शाळेत बसविले, पुढे बाप्तिस्मा झाला. गावात त्यांना ‘भाकरीचा ख्रिस्ती’ म्हणत. ते म्हणत, ‘‘भाकरीसाठी आलो हे खरं, पण भाकर मिळाल्यावरही राहिलो, ते कोणी इचारत नाही.’’ आजही दसरा झाला की आपल्या सिंदखेडराजा-लोणारकडची माणसे मुकादमाची उचल घेऊन, पोरेबाळे गाडीत घालून ऊसतोडीला निघतात. तुझी शिष्यवृत्ती हीसुद्धा उचलच आहे, बाबा. फक्त कोयत्याऐवजी पेन्सिल आहे आणि मुकादम इंग्रजी बोलतो. त्या माणसांनी कामाचा हंगाम आणि घराची ओढ या दोन वेगळ्या गोष्टी म्हणून सांभाळल्या आहेत. ऊस कमी भरला म्हणून घर परके झाले असे ते मानीत नाहीत.

मागे राहणाऱ्यांचा विचार मात्र कर. नारायण वामन टिळकांना आगगाडीत नवा करार मिळाला आणि १८९५ साली त्यांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला, ही गोष्ट आपण मोठ्या अभिमानाने सांगतो. पण त्यानंतरची काही वर्षे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी कशी काढली हे ‘स्मृतिचित्रे’ वाचल्याशिवाय कळत नाही. जाणाऱ्याच्या श्रद्धेची हकीकत सारे लिहितात. तुझ्या आईने तिची लिहिली तर ती फार छोटी होईल, कारण तिला लिहायचा कंटाळा आहे. तेव्हा ती तूच फोनवर विचारून घेत जा, आणि नुसते ‘बरी आहेस ना’ असे विचारू नकोस.

रविवारी तिथल्या उपासनेला जात जा. जर्मन कळत नाही म्हणतोस. न कळू दे, मागच्या बाकावर बस. रामचंद्रांना दिल्लीत जे दिसले तेही आधी गुडघेच होते, शब्द मागून आले. आणि रोज एक पान, आदल्या दिवशी केलेल्या गणिताचे, मराठीत लिहीत जा. उर्दूतून शास्त्र शिकवणाऱ्या त्या दिल्लीच्या मास्तरांच्या नावाने लिही हवे तर. शब्द सापडला नाही तर जागा मोकळी सोड. ज्या जागा मोकळ्या राहतील तिथेच बहुधा तुझे उपप्रमेय अडलेले असेल, असा मला संशय आहे, पण हा मास्तरकीचा संशय समज.

इकडचे कळवायचे म्हणजे, तुझ्या आईच्या डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू ईस्टरनंतर काढायचे ठरले आहे, काळजीचे कारण नाही. पश्चिमेकडचे पत्रे वाऱ्याने खडखडत होते, ते बसवून घेतले. चिंच यंदा भरपूर आली. ज्वारीच्या पापडांचा डबा शेजारच्या मुलाबरोबर पुण्यापर्यंत पाठविला आहे, पुढे तो तुझ्या मित्राकडून येईल. फुटले असतील तर भाजीत घाल.

तुझा,
मामा

ता. क. हे पत्र तिला वाचून दाखविले. ती म्हणते, टेकडी त्याच बाजूने किती दिवस चढतो ते विचार. ढोरं अशी पुढून नाही चढत, वळसा घालतात, आणि वळशात चाराही असतो. लहानपणी रानात गुरे वळताना पाहिलेले ती बोलते आहे, मी माझ्या पदरचे काही घातलेले नाही.